वडशाचा हंगाम आणि आपली गल्ली



दिवाळी जवळ आली की आपल्या शहाड-उल्हासनगरकडच्या वस्त्यांत एकच हिशेब चालू असतो. बोनस किती मिळणार, त्यातून पतपेढीचा हप्ता किती जाणार आणि उरलेल्या पैशांत घरात काय येणार. याच दिवसांत महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतल्या गावोगाव आणखी एक हिशेब चालू असतो. यंदा गावात नाटक कोणत्या कंपनीचे आणायचे, कोणत्या तारखेला आणायचे आणि तिकीट किती ठेवायचे? हा हिशेब मांडणारी माणसे आपल्यासारखीच आहेत. कोणाची दोन-चार एकर धानाची शेती, कोणाची दुसऱ्याच्या बांधावर मजुरी. पण गावाचे नाटक चुकले तर गावाची मान खाली गेली असे त्यांना वाटते. त्या नाटकांच्या येत्या हंगामाविषयी आज लिहायचे आम्ही ठरवले आहे. तिथल्या कष्टकऱ्याला जे जमते ते इथल्या कामगाराला का जमू नये, हा प्रश्न आमच्या डोक्यात बरेच दिवस घोळतो आहे.

अंबरनाथच्या आयुध निर्माणीत नोकरीला असलेले आमचे एक परिचित मूळचे भंडारा जिल्ह्यातले. हे गृहस्थ वर्षभर रजा जपून वापरतात. पाहुण्याच्या लग्नाला जायचे तरी रात्रपाळी करून जातात. पण दिवाळीनंतर गावची मंडई आली की कल्याणला विदर्भ एक्स्प्रेस पकडून सहकुटुंब गावी जातात. आम्ही त्यांना एकदा विचारले, "भाऊ, एका नाटकासाठी एवढा खर्च आणि एवढी रजा?" ते हसून म्हणाले, "नाटकाच्या नावानं सारे भेटते जी. बहिणी येते, साळे येते, मामा येते. मंडईले गेलो नाही तर वर्षभर कोणाचं तोंडच दिसत नाही." त्यांच्या थोरल्या मुलीची सोयरीकही मंडईच्या पाहुण्यांतच जुळली, हे त्यांनी मागाहून सांगितले.

झाडीपट्टी म्हणजे काय?

पूर्व विदर्भातल्या या दाट जंगलाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. तिथली बोली ती झाडीबोली. या बोलीचा आणि तिथल्या लोककलांचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्यभर केला. दंडार, खडी गंमत, गोंधळ हे तिथले जुने खेळ. त्यांतूनच पुढे पडदे लावून, तिकीट लावून होणारे नाटक वाढले. शंभराहून अधिक वर्षांची ही परंपरा आहे आणि ती संग्रहालयात जाऊन पडलेली नाही. आजही ती पोटापाण्याचा धंदा म्हणून जिवंत आहे.

या धंद्याची पेठ म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातले वडसा. सरकारी दप्तरात या गावाला देसाईगंज म्हणतात, रेल्वेच्या पाटीवर वडसा आहे. वैनगंगेच्या काठचे हे गाव गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आहे. दिवाळीच्या आधीच इथे नाटक कंपन्यांची कार्यालये उघडतात. दारावर कंपनीच्या नावाचा फलक, यंदाच्या नाटकांची यादी आणि कलावंतांचे फोटो. कंपन्यांची संख्या पन्नासच्या आसपास सांगितली जाते. गावोगावची मंडळे इथे येतात, चार कार्यालयांत चौकशी करतात, भाव करतात, विसार देतात आणि तारीख पक्की करून परत जातात. आपल्याकडे लग्नाच्या बँडची जशी बोली होते तशीच ही बोली.

भाऊबीज झाली की मंडया सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या शेजारच्या गावची. दिवसा दंडार आणि जत्रेसारखा बाजार, रात्री नाटक. हलक्या धानाची कापणी झालेली असते, चार पैसे हातात आलेले असतात. पुढे थंडीत शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरतात आणि त्यालाही नाटक जोडलेले असते. मधल्या काळात, २०१४ साली, सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्या पुन्हा सुरू करायला परवानगी मिळाली. असा हा हंगाम साधारण होळीपर्यंत चालतो. नाटक रात्री नऊ-दहाला सुरू होते आणि पहाटे संपते. पाच-सहा तास बायाबापड्या मांडी घालून, अंगावर घोंगडी-चादर घेऊन बसतात. मुले मध्येच झोपतात, मध्येच उठतात.

नाटकगृह तिथे नसतेच. कापणी झालेल्या शेतात किंवा मोकळ्या जागेत मांडव घालतात. जमीन खणून उतार करतात, म्हणजे मागच्याला पुढच्याचे डोके आड येत नाही. पुढे खुर्च्या, मागे जमीन, त्याप्रमाणे तिकिटाचे दर. एका अंगाला वादक. पूर्वी पायपेटी होती, आता ऑर्गन आणि ऑक्टोपॅड असतो. विंगेत पुस्तक घेऊन बसलेला प्रॉम्प्टर असतो आणि त्याच्यावर सारा खेळ चालतो. कारण आज या नाटकात असलेला नट उद्या दुसऱ्या गावात दुसऱ्याच नाटकात उभा असतो. महिनाभर तालमी करायला कोणाला सवड नाही.

या मातीतला एक माणूस म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे. शेतकरी माणूस. आठशे वेगवेगळ्या नाटकांतून पाच हजारांवर प्रयोगांत त्यांनी कामे केली. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्याच्या पुष्कळ नाट्यरसिकांनी त्यांचे नाव पहिल्यांदा ऐकले असेल. त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, तृषांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' हा चित्रपट आला, तोही याच रंगभूमीवर बेतलेला.

पैसा येतो कुठून, जातो कुठे?

आम्ही हिशेबाच्या टेबलावर बसणारे माणूस. त्यामुळे कलेचे कौतुक झाल्यावर आमचे लक्ष जमाखर्चाकडे जाते. झाडीपट्टीचा जमाखर्च समजून घेण्यासारखा आहे.

कंपनी नाटक विकते ते गावातल्या मंडळाला. ठरलेली रक्कम कंपनीला द्यायची, मांडव आणि जेवणखाण गावाने बघायचे आणि तिकिटे मंडळाने विकायची. नफा झाला तर मंडळाचा, तोटा झाला तर तोही मंडळाचाच. शिल्लक राहिली तर ती गावाच्या कामाला लागते. म्हणजे नाटकाची जोखीम मुंबईतला कोणी निर्माता घेत नाही, गावातले आठ-दहा तरुण घेतात. अवकाळी पाऊस आला किंवा त्याच रात्री शेजारच्या गावाने जास्त नावाजलेले नाटक लावले, तर घरचे पैसे घालावे लागतात. म्हणून शेजारची मंडळे तारखा एकमेकांना विचारून ठरवतात.

दुसरी गोष्ट अशी की तिथे फुकट नाटक नाही. मजूरसुद्धा तिकीट काढून बसतो. आणि पैसे मोजले म्हणून त्याला बोलायचाही हक्क असतो. नट हलके काम करू लागला तर प्रेक्षक मांडवातूनच सुनावतात. फुकट बघणाऱ्याला हा अधिकार नसतो. तो टाळ्या वाजवतो, नाहीतर उठून जातो.

तिसरी गोष्ट, या एका हंगामावर कितीतरी घरांची चूल पेटते. नट-नट्या, वादक, पडदेवाले, मांडववाले, विजेची कामे करणारे, पोस्टर छापणारे, गाडीवाले, चहा-भजीवाले. हंगाम संपला की यांतले बरेचजण पुन्हा शेतावर किंवा मजुरीला जातात. २०२० च्या टाळेबंदीनंतर जेव्हा मांडव पडले नाहीत, तेव्हा या सगळ्यांचे काय झाले असेल ते आपल्याला वेगळे सांगायला नको. आपल्याही घरांनी तो काळ पाहिला आहे.

तिथे सारे काही गोड आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. कौटुंबिक रडारड, खलनायकाची आरडाओरड आणि कथेशी संबंध नसलेले नाच यांचा भरणा बऱ्याच नाटकांत असतो. पूर्वी बायकांची कामे पुरुष करत. आता नागपूर-मुंबईकडून अभिनेत्री येतात, पण त्यांच्या कष्टाच्या कमाईकडे आदराने बघायला समाज अजून शिकलेला नाही. रात्रभर ज्या बाईच्या भूमिकेवर रडायचे, सकाळी तिच्याच चारित्र्यावर बोलायचे, हा दुटप्पीपणा तिथेही आहे आणि इथेही. मात्र याच रंगभूमीवर हुंडा, दारू, भावाभावांतली वाटणी, सावकारी हे विषयही येतात. नवरगावच्या सदानंद बोरकरांनी शेतकऱ्याच्या आत्महत्येवर नाटक उभे केले आणि ते शेतकऱ्यांसमोरच केले. शहरातल्या सभागृहात शेतकऱ्याच्या दुःखावर टाळ्या घेणे सोपे असते. ज्याच्या घरात ते दुःख घडले आहे त्याच्यासमोर ते उभे करायला छाती लागते.

नाटक आपल्याला परके आहे काय?

काही वाचक म्हणतील, नाटक ही पोटभरल्यांची हौस, आपला काय संबंध? त्यांना आम्ही नम्रपणे चार गोष्टींची आठवण देतो.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. भोळ्या कुणबी नवरा-बायकोला जोशी कसा फसवतो आणि शेवटी ती दोघे रात्रीच्या शाळेत शिकायला जायचे कसे ठरवतात, अशी त्याची गोष्ट आहे. दक्षिणा प्राइज कमिटीने ते स्वीकारले नाही आणि नाटक शंभर वर्षांहून अधिक काळ पडून राहिले. ते छापून लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडले. म्हणजे ज्या काळात मराठी नाटकात देव-दानवच नाचत होते, त्या काळात आपल्या एका पुरुषाने शाळेचे महत्त्व सांगायला नाटक हाती घेतले होते.

त्यानंतर आंबेडकरी जलसे आले. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या कलावंतांनी तमाशाचा बाज घेतला, त्यातला गण-गवळणीचा भाग बदलला आणि चळवळीचा निरोप अक्षरशून्य माणसापर्यंत पोचवला. १९५५ साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक झाले, ते खुद्द बाबासाहेबांनी पाहिले. १९५६ साली धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरातही त्याचा प्रयोग झाला. धर्मांतराच्या एवढ्या मोठ्या प्रसंगी नाटकाला जागा होती, हे लक्षात ठेवायला हवे.

पुढची नावे तर आपल्या चांगल्या परिचयाची असायला हवीत. दत्ता भगत यांचे 'वाटा पळवाटा', रामनाथ चव्हाण यांचे 'बामनवाडा', टेक्सास गायकवाड, प्रकाश त्रिभुवन, संजय पवार यांचे 'कोण म्हणतं टक्का दिला?'. आणि प्रेमानंद गज्वी. गज्वी मूळचे चंद्रपूर जिल्ह्यातले, म्हणजे झाडीपट्टीच्याच मुलखातले. त्यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका अनेक भाषांत गेली. 'किरवंत' हे त्यांचे नाटक डॉ. श्रीराम लागूंनी रंगभूमीवर आणले. २०१९ साली नागपूरला भरलेल्या ९९व्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचे अध्यक्ष गज्वीच होते. अलीकडे, २०१२ साली, 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले नाटक आले. संभाजी भगतांची त्यामागची कल्पना आणि जालन्याकडच्या शेतकरी पोरांची कामे. ते पाहायला मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत गर्दी झाली.

तेव्हा नाटक आपल्याला परके नाही. ते आपल्या दारापासून दूर गेले एवढेच.

शहाडहून नाट्यगृह किती दूर?

शहाडहून कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर नकाशावर जवळच आहे. डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले नाट्यमंदिरही फार लांब नाही. पण अंतर किलोमीटरवर मोजायचे नसते, ते खिशावर मोजायचे असते. व्यावसायिक नाटकाचे साधे तिकीट आज तीनशेच्या पुढे असते. आई-बाप, दोन मुले आणि घरातली म्हातारी अशा पाच माणसांचे पंधराशे झाले. रिक्षा धरा, मध्यंतरातला वडा-चहा धरा. दोन हजारांची नोट मोडली असे पूर्वी म्हटले असते, आता ती नोटही गेली. महिन्याला पंधरा-अठरा हजार घरी आणणारा कंत्राटी कामगार हे कसे करील? शिवाय रविवार दुपारचा प्रयोग असेल तर त्याची पाळी आड येते आणि रात्रीचा असेल तर परतीच्या गाडीची काळजी. शहाडला कसाऱ्याच्या बाजूच्या गाड्या थांबतात, त्या बदलापूरच्या बाजूपेक्षा कमी. रात्री कल्याण स्टेशनावर लेकरे घेऊन ताटकळणे म्हणजे काय, ते ज्याने केले त्यालाच ठाऊक.

आमच्या वस्तीत घरकाम करणाऱ्या एक मावशी आहेत. वय साठीच्या घरात. त्यांनी कल्याणातल्या चार घरांत तीस वर्षे भांडी घासली. त्यांतल्या एका घरातली बाई नाटकाची वेडी. मावशी त्यांना नाटकाला जाताना साडीला इस्त्री करून देत. पण मावशींनी स्वतः आजवर एकही नाटक नाट्यगृहात बसून पाहिलेले नाही. आम्ही विचारले तर म्हणाल्या, "आम्हाला कोण घेतंय आत?" आम्ही म्हटले, "मावशी, तिकीट काढलं की कोणालाही घेतात." त्यावर त्या गप्प राहिल्या. त्या गप्प राहण्यात पैशाचा प्रश्न होता आणि आपण तिथे शोभणार नाही हा धाकही होता. झाडीपट्टीतल्या मजूर बाईला हा धाक नाही. कारण मांडव तिच्याच गावच्या शेतात असतो.

पूर्वी आपल्याकडेही अशी सोय थोडीफार होती. कारखान्यांतली हौशी मंडळे होती. कामगार कल्याण केंद्रांतून नाटकांच्या स्पर्धा होत, त्या आजही होतात. राज्य सरकारची हौशी नाट्यस्पर्धा तर १९५४ पासून चालत आली आहे. पण कारखानाच बंद पडला तर त्याचे मंडळ कुठले राहणार? मोहने-आंबिवलीची एन.आर.सी. २००९ साली बंद झाली, त्याचे घाव आपल्या कितीतरी घरांत अजून ओले आहेत. जिथे कायम कामगार होता तिथे कंत्राटी पोरगा आला. आज इथे, उद्या तळोज्याला. असा पोरगा तालमीला कधी येणार? जयंत पवार यांच्या 'अधांतर' या १९९७च्या नाटकात गिरणी बंद पडल्यावर घर कसे उसवते ते दाखवले आहे. आपल्या पट्ट्यात तसली घरे मोजायला दोन्ही हातांची बोटे पुरणार नाहीत, पण त्यांच्या मुलांना हे नाटक माहीत नाही.

एका प्रयोगाचा आणि दोन प्रयोगांचा हिशेब

मग करायचे काय? वडशाहून कंपनी आणा, असे आम्ही सांगत नाही. त्यांची पद्धत तेवढी घ्या. समजा, तीन-चार गल्ल्यांनी मिळून एक मंडळ केले आणि तास-दीड तासाचे एक नाटक बसवले. आम्ही अंदाजाने एक कच्चा जमाखर्च मांडतो. आकडे ठिकाणानुसार बदलतील, पण रीत तीच राहील.

खर्च: मांडव आणि रंगमंच १२,००० रुपये, दिवे आणि ध्वनी ८,०००, कपडे आणि रंगभूषा ४,०००, लेखकाचे मानधन आणि परवानग्या ३,०००, पोस्टर-तिकिटांची छपाई २,०००, तालमीचा चहा-नाश्ता ३,०००. एकूण ३२,०००.

जमा: मोठ्यांची ४०० तिकिटे, दर ६० रुपये, म्हणजे २४,०००. मुलांची १५० तिकिटे, दर २० रुपये, म्हणजे ३,०००. एकूण २७,०००. पाच हजारांची तूट. ती भरायला रस्त्यावरच्या दहा दुकानदारांकडून पडद्यावरच्या जाहिरातीचे सातशे-सातशे रुपये घेतले तर ७,००० मिळतात. शिल्लक दोन हजार.

कोणी म्हणेल, एवढी दोन महिने धावपळ करून दोनच हजार? इथेच वडशाचा धडा आहे. तोच प्रयोग पुढच्या आठवड्यात विठ्ठलवाडीच्या किंवा अंबरनाथच्या मंडळाने आपल्या मैदानात लावला तर कपडे तयार आहेत, तालीम झालेली आहे. खर्च मांडवाचा, दिव्यांचा, लेखकाच्या मानधनाचा आणि किरकोळ, धरा २४,०००. जमा मात्र तेवढीच २७,०००. जाहिरात न घेताही तीन हजार उरले. तिसऱ्या प्रयोगाला बदलापूर. एक प्रयोग करणारा पैसे घालवतो आणि हंगाम करणारा टिकतो. झाडीपट्टीतल्या कंपन्या याच हिशेबावर उभ्या आहेत. उरलेली रक्कम अभ्यासिकेच्या वीजबिलाला द्या, दहावीच्या मुलांच्या पुस्तकांना द्या. मग वर्गणी शिक्षणाला द्यावी की नाटकाला, हे भांडणही उरणार नाही.

आणि वर्गणीचाच विषय निघाला आहे तर एक कडू बोलतो, वाचकांनी राग मानू नये. जयंतीला एका रात्रीच्या डीजेवर आपण जो पैसा उडवतो, तो रात्रीतच धूर होऊन जातो. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांच्या छातीत धडधड आणि लहानग्यांच्या कानात घूं-घूं, एवढीच शिल्लक. त्या रकमेचा निम्मा भाग भांडवल म्हणून नाटकाला ठेवला तर तो पुढच्या वर्षी पुन्हा हाताशी असेल. जलशांच्या वारसांना हे सांगावे लागू नये.

काही व्यवहाराच्या गोष्टी

ज्यांना हे करावेसे वाटेल त्यांच्यासाठी काही सूचना.

नाटक जिवंत लेखकाचे असेल तर त्याची लेखी परवानगी आणि मानधन आधी. कामगाराच्या घामाचे मोल मागणाऱ्यांनी लेखकाचा घाम फुकट घेऊ नये. तिकीट लावून प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत झालेली हवी. पोलीस ठाणे आणि महापालिका यांची परवानगी वेळेत काढावी. आपल्याकडे अर्धी वस्ती कल्याण-डोंबिवलीत आणि अर्धी उल्हासनगरात, तेव्हा मैदान कोणाच्या हद्दीत येते ते आधी पाहावे, नाहीतर दोन कार्यालयांत हेलपाटे पडतील. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. त्यामुळे रात्रभराचे नाटक शहरात होणार नाही. सातला पडदा उघडून साडेनऊला पडला पाहिजे. पहिल्या पाळीवाल्याला दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचेच असते.

काळ नोव्हेंबर ते जानेवारीचा धरावा. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. तिथून सुरुवात करता येईल. ६ डिसेंबरच्या आगेमागे आठवडाभर तालमी बंद ठेवाव्यात, तेव्हा सारे चैत्यभूमीच्या तयारीत असतात. ३ जानेवारी, सावित्रीमाईंच्या जयंतीला शेवटचा प्रयोग करावा. फेब्रुवारीत बारावी-दहावीच्या परीक्षा लागतात, तेव्हा मुलांना मोकळे सोडावे.

मुलींच्या कामाविषयी मात्र विशेष सांगायचे आहे. मुली मिळत नाहीत म्हणून मुलग्यांना साड्या नेसवायचा काळ गेला. मुली मिळतात, आई-बापांना भरवसा मिळत नाही. तो द्यावा. तालीम बुद्धविहारात किंवा शाळेच्या वर्गात, दिवेलागणीला सुरू आणि नऊच्या आत बंद. दोन वडीलधाऱ्या बाया रोज हजर. मुलीला घरी पोचवायची जबाबदारी मंडळाची. आणि जो कोणी मुलीच्या नाटकात काम करण्यावरून गल्लीत वाकडे बोलेल, त्याला मंडळाने चारचौघांत विचारावे. झाडीपट्टीला अजून न सुटलेले हे कोडे आपण सोडवले, तर त्यांनी आपल्याकडून शिकावे असे काहीतरी होईल.

नाटक कोणते करावे, हे मंडळांनी ठरवावे. दोन पात्रांच्या 'घोटभर पाणी'सारख्या एकांकिकेपासून सुरुवात केली तर खर्चही कमी आणि तालमीही आवाक्यात. पुढे 'तृतीय रत्न' करावे. एकशे सत्तर वर्षांपूर्वीचा मजकूर आजच्या गंडे-दोरेवाल्यांना लागू पडतो की नाही ते प्रेक्षकच सांगतील. आणि एखाद्या पोराने आपल्याच चाळीवर, कंत्राटी कामावर, पाण्याच्या टँकरवर काही लिहून आणले, तर ते मोडकेतोडके असले तरी आधी ते वाचावे. बाहेरचा लेखक आपल्या नळावरचे भांडण आपल्यासारखे लिहू शकणार नाही.

वडशाला यंदाही दिवाळीच्या तोंडावर फलक लागतील, विसार दिले जातील, तारखा पक्क्या होतील. आमचे भंडाऱ्याचे परिचित रजेचा अर्ज देतील. त्यांच्या गावातल्या कोण्या मजूर बाईने तिकिटाचे पैसे आत्तापासून डब्यात बाजूला टाकलेही असतील. आपल्या गल्लीतल्या मावशीलाही असे पैसे बाजूला टाकावेसे वाटतील असा मांडव इथे पडला पाहिजे. ज्या मंडळांना हे पटते त्यांनी दिवाळीच्या आत एक बैठक घ्यावी. बैठकीत भाषणे नकोत, एक वही आणि एक पेन पुरे. पहिल्या पानावर जमा, समोरच्या पानावर खर्च. शहाडच्या मंडळांनी बोलावले तर ती वही लिहायला आम्ही येऊ.